'च' ऐकायला शीक

नाशिक

चि. बाळ,

परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, विवेकनिष्ठ उपचाराचं ए-बी-सी (घटना, समजूत, परिणाम) पाठ आहे, पण क्लायंट समोर बसला की काही सुचत नाही." अगं, पुढचा प्रश्न जुळवण्यात मन गुंतलं की समोरच्याचं ऐकूच येत नाही.

समुपदेशनातल्या माझ्या पहिल्या वर्षी दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). तोडणीला आलेली बाग गारपिटीत गेलेली, डोक्यावर कर्ज. "ताई, मी कुचकामी माणूस," म्हणाले. मी लगेच विचारलं, "याला पुरावा काय?" ते माझ्याकडे बघत राहिले, मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले. परत आले नाहीत. आजही ते मला लागतं. वाद घालायचा तो समजुतीशी, दुःखाशी नव्हे. बाग गेल्यावर वाईट वाटणारच, वाटू दे. अल्बर्ट एलिसनी १९५५ मध्ये ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली ती दुःख पुसायला नाही. दुःख निरोगी असतं, खचून जाणं घातक.

आणि अशा माणसाला आधी सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" हो म्हणाला तर विवाद बाजूला ठेव. त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना बोलव, मनोविकारतज्ज्ञांकडे ने. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुझ्या टेबलावर हवा.

बाकी वेळी 'च' ऐक. "पीक हाती यायला हवं होतं" ही इच्छा झाली. "यायलाच हवं होतं" हा हट्ट. एलिसचा अख्खा 'मस्ट' आपल्याकडे एका अक्षरात मावतो. तो 'च' क्लायंटच्याच शब्दांत वहीत उतरव, त्याला वाचून दाखव आणि गप्प बस. पुष्कळदा तो स्वतःच थबकतो. मग विचार, "असं धरून बसल्यानं तुम्हाला काय मिळतंय?" पुराव्याचा प्रश्न त्यानंतर.

कि. मो. फडके यांचं 'आधुनिक संजीवनी' वाच. एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी हा विचार मराठीत आणला. पण वाचताना उदाहरणं स्वतःची घे. "माझा क्लायंट बरा झालाच पाहिजे" हा तुझा 'च' आहे, आणि फोनवर मला तो स्पष्ट ऐकू आला.

रविवारी ये. तू बागायतदार हो, मी समुपदेशक. मग अदलाबदल करू. वही आण.

तुझी,
मावशी