मंजुळा, मंजुया, मंजुला

पोरी, साखरपुड्यात तुझ्या होणाऱ्या सासूबाई तुला प्रज्ञाऐवजी 'प्रग्या' म्हणाल्या आणि तू रात्री रडलीस, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. म्हणून हे लिहून पाठवतेय. बऱ्हाणपुरात नांदायला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलींचं हे जुनं दुखणं आहे. मी 1974 साली साताऱ्याहून इथे आले ती मंजुळा म्हणून. आठ दिवसांत घरात माझी तीन नावं झाली. सासूबाई म्हणायच्या 'मंजुया', थोरल्या जाऊबाई म्हणायच्या 'मंजुला', आणि सासरे नुसतंच 'बहू'. ह्यांच्या तोंडून तर नाव ऐकायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत, 'ऐकलं का' एवढ्यावर संसार व्हायचे. रात्री मी उशीत तोंड खुपसून स्वतःलाच हाक मारायचे, नीट ळ म्हणून.

महिनाभराने एका सकाळी दारात केळीवाला आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, 'केयी काया पडेल दिसतात.' मी चुलीपाशी थबकले. त्या केळीला केयी म्हणतात, काळ्याला काया, डोळ्याला डोया. त्या रावेरकडच्या, खानदेशी बोलीच्या. त्यांच्या बोलीत माझा ळ जिथे तिथे य होतो. म्हणजे माझं नाव त्या बिघडवत नव्हत्या. स्वतःच्या भाषेत नीट, पूर्ण उच्चारत होत्या. त्या दिवसापासून 'मंजुया'ला मी ओ देऊ लागले आणि ते मनापासून.

तर पहिलं हे, की जीभ चालवण्याआधी कान लाव. जो आवाज तुझ्या नावात चुकतोय, तो त्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यात येतो का ते ऐक. येत नसेल तर तो त्याच्या तोंडातच नाही. साठीच्या माणसाला तो शिकवत बसू नकोस. पण येत असेल तर अवश्य सांग. थोरल्या जाऊबाई निमाडातल्या. निमाडीत ळ आहे, त्या स्वतः 'काळो' म्हणत. मग मलाच ल का? मी एका दुपारी पापड लाटताना त्यांना म्हटलं, 'ताई, काळो म्हणता ना, तसंच मंजुळा.' त्या हसल्या. त्यांना वाटायचं, शिकलेल्या माणसांत ल म्हणतात. संध्याकाळपासून नाव सुधारलं. चारचौघांत टोकलं असतं तर जन्मभर 'मंजुला' राहिले असते. हे एकट्यात, हातात काम असताना, आणि पहिल्या दोन महिन्यांत सांगायचं. वर्ष उलटलं की लोकांना वाटतं, इतके दिवस चाललं, आता काय झालं?

तुझं प्रकरण मात्र जरा वेगळं आहे. 'प्रज्ञा' लिहिलेलं हिंदी माणूस 'प्रग्या'च वाचणार, कारण ज्ञ ला त्यांच्या शाळेत ग्य म्हणतात. गुजरातीत ग्न म्हणतात, आपण द्न्य म्हणतो. मूळ जोडाक्षर ज् आणि ञ यांचं. तेव्हा तुझ्या सासूबाई चुकल्या असं म्हणता येत नाही. 'तुम्ही चुकता' म्हणू नकोस. 'आमच्याकडे असं म्हणतात, मला त्याची सवय आहे' म्हण. आणि नाव तोडून सांग: आधी 'प्रद्', मग 'न्या'. नणंदेची मुलं शाळेत जातात ना? आधी त्यांना शिकव. मुलं दोन दिवसांत शिकतात आणि मग तीच आजीला शिकवतात. फोन उचललास की 'हॅलो' च्या आधी स्वतःचं नाव घे.

नवऱ्याला मात्र सवलत देऊ नकोस. तो जे म्हणेल तेच घर म्हणेल. लग्नाआधी त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घे.

आणि आपणही निर्दोष नाही, हे ध्यानात असू दे. या गावाचं नाव सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून पडलं. त्यांचा दर्गा खुलदाबादला आहे. गावातले लोक 'बुरहानपुर' म्हणतात. आपण मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या बऱ्हाणपूर म्हणत आलो, न चा ण करून, आणि कोणी आपल्याशी भांडलं नाही. नदीला आपण तापी म्हणतो, ते ताप्ती. माझ्या शेजारी विणकराचं घर होतं. तिथल्या आपांचं, म्हणजे मोठ्या बाईंचं, नाव ज़ ने सुरू व्हायचं. मी वर्षभर त्यांना 'जुलै'तल्या ज ने हाक मारली. 'जुना'तला ज त्यांच्या नावाच्या कितीतरी जवळचा होता आणि तो माझ्या तोंडात जन्मापासून होता. त्या काही बोलल्या नाहीत. मलाच कळलं तेव्हा लाज वाटली. सासरच्या सगळ्यांची नावं तू त्यांच्यासारखी म्हणायला शिक. मग तुझं सांगणं कोणाला खटकणार नाही.

वापरात नाव कसं पालटतं ते बघायचं तर कुंडी भंडाऱ्याला जा. खानखानान रहीम इथे असताना, 1615 च्या सुमाराला, जमिनीखालून पाणी आणण्यासाठी केलेली कुंड्यांची ती रांग. लोकांनी 'कुंडी'चं 'खूनी' केलं आणि आता पाहुणे विचारतात, इथे खून कोणाचा झाला? वेळेवर कोणी टोकलं नाही की असं होतं.

जिभेचं मी सोडून दिलं. कागदाचं सोडलं ते मला फार महागात पडलं. रेशनकार्डावर 'मंजुला', मतदार यादीत 'मंजुळा', बँकेच्या पुस्तकात कोणा कारकुनाने 'मंजूबाई' लिहिलेलं. हे गेले तेव्हा तिन्ही बायका मीच, हे पटवायला आठ महिने आणि कितीतरी शपथपत्रं लागली. दुःख करायला सवड मिळाली नाही. तुझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून संगणकवाले हिंदीत 'प्रदन्या' करतात, आणि कानाने ऐकून लिहिणारे 'प्रग्या'. मध्य प्रदेशात लग्नानंतर सासरच्या समग्र आयडीत तुझं नाव चढेल. ते चढवताना स्वतः जा, पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाच, आधारशी जुळव, मगच हो म्हण. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी घाईत वाया घालवू नकोस.

एक गोष्ट अजून. तुझ्या आईने सांगितलं की लग्नात तांदळात अंगठीने दुसरंच नाव लिहायचं असं तुझ्या सासूबाई म्हणतायत, 'बोलायला सोपं पडेल' म्हणून. याला नाही म्हण. आत्ताच, लग्नाआधी, शांतपणे. जीभ अडखळणं आणि नाव बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मी पन्नास वर्षं ओ दिली, दुसरीला एक दिवसही दिली नसती. तुला बोलायला जड जात असेल तर मी येते तुझ्यासोबत, त्या माझ्या वयाच्याच आहेत, ऐकतील.

पत्रिका छापायला देण्याआधी नमुना मला पाठव. दोन्ही भाषांतलं नाव मी तपासून देते.