लालबागेतील ठकी

विद्यार्थिमित्रांनो, बाहुली हा लहान मुलींचा खेळ आणि छायाचित्रण ही मोठ्यांची कला, असा आपला सर्वसाधारण समज आहे. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आपली सहल बंगळूरास गेली, तेव्हा या दोन गोष्टी एकत्र आल्या. त्यातून मला आणि माझ्याबरोबरच्या मुलींना बरेच शिकावयास मिळाले. ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नववीतील एका विद्यार्थिनीने पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक लाकडी ठकी काढली. ठकी सावंतवाडीची, वीतभर उंचीची. हिरवे लुगडे, लाल चोळी आणि काळे टपोरे डोळे असलेली. डाव्या गालाचा रंग मात्र उडालेला होता. "बाई, ही माझ्या आजीची. आजीचे गुडघे धरले आहेत, तिला आता प्रवास झेपत नाही. ती म्हणाली, मला नाही तर माझ्या ठकीला तरी लालबाग दाखवून आण." अशा रीतीने आमच्यावर एक जबाबदारी येऊन पडली. आजींना घरबसल्या लालबाग दिसेल, अशी छायाचित्रे घेऊन जावयाची होती.

लालबाग हे काही साधे उद्यान नव्हे. हैदर अलीने 1760 साली त्याचा आरंभ केला आणि टिपू सुलतानाने तेथे देशोदेशींची झाडे लावून ते वाढविले. येथील सुप्रसिद्ध काचघराची कोनशिला 1889 साली बसविण्यात आली. उद्यानात एक विस्तीर्ण उघडा खडक आहे; त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगतात. त्याच्या माथ्यावर केंपेगौडांचा लहानसा बुरूज उभा आहे. कर्नाटकात नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडण्याची चालही जुनी आहे. आपण जिला बाहुली म्हणतो आणि आमच्या कोंकणीत जिला बावली म्हणतात, तिलाच कन्नडमध्ये गोंबे असे नाव आहे. तेव्हा आमची ठकी परक्या मुलखात आली होती, असे मुळीच नव्हे!

मुलींनी ठकीला हिरवळीवर उभे केले आणि उभ्या उभ्या माझ्या मोबाइलने पहिले छायाचित्र घेतले. ते पाहून सर्वांची निराशा झाली. ठकी कोणीतरी टाकून दिलेल्या खेळण्यासारखी दिसत होती. असे का व्हावे? थोडे गणित करू. ठकीची उंची 20 सेंटिमीटर आणि छायाचित्र घेणारीचे डोळे जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर. म्हणजे ठकीच्या साडेसातपट उंचीवर. पाच फूट उंचीच्या माणसाचे छायाचित्र साडेसदतीस फुटांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून घ्यावे, तसा हा प्रकार झाला. तेथून कोणीही क्षुद्रच दिसणार. म्हणून पहिला नियम हा, की कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. त्यासाठी जमिनीवर बसावे, प्रसंगी पालथेही पडावे. तसे करताच गवताची पाती ठकीच्या गुडघ्यापर्यंत आली, मागे झाडांचे उंच बुंधे उभे राहिले आणि ठकी खरोखरच उद्यानात आलेली दिसू लागली.

दुसरी गोष्ट अंतराची. ठकीमागे काचघर दिसावे अशी मुलींची इच्छा होती. येथे भूमितीतील समरूप त्रिकोण उपयोगी पडले. कॅमेऱ्यापासून एक मीटरवर असलेली 20 सेंटिमीटरची वस्तू जेवढी दिसते, तेवढीच दहा मीटरवरील दोन मीटर उंचीची आणि शंभर मीटरवरील वीस मीटर उंचीची वस्तू दिसते. म्हणून मागची इमारत लहान दिसावयास हवी असेल तर तिच्यापासून दूर जावे; मोठी हवी असेल तर तिच्या जवळ जावे; ठकीचे अंतर मात्र तेच ठेवावे. कॅमेरा ठकीच्या अगदी नाकाशी नेऊ नये. फार जवळून घेतल्यास पुढे आलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा होतो आणि मागचे दृश्यही अधिक अस्पष्ट होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रकाशाची. माध्यान्हीचा प्रकाश वरून पडतो, त्यामुळे डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या येतात. प्रकाश योग्य आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे स्वतः बाहुलीची सावली. सावली बाहुलीच्या उंचीहून लांब असेल, तर सूर्य 45 अंशांच्या खाली आहे असे समजावे आणि छायाचित्र घ्यावे. दुसरी अडचण रोगणाची. रंगावरील चकाकी आरशाप्रमाणे सूर्याचे प्रतिबिंब दाखविते आणि कपाळावर पांढरा ठिपका उमटतो. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे आपण विज्ञानात शिकलो आहोत. तेव्हा बाहुली किंचित वळविली, की तो किरण कॅमेऱ्याकडे न येता दुसरीकडे जातो. चेहऱ्याची एक बाजू अंधारात असेल तर त्या बाजूस वहीचे कोरे पान धरावे. तेवढ्या उजेडानेही चेहरा खुलतो.

चौथी गोष्ट ऋतूची. परदेशी चित्रांतून शरद ऋतू म्हणजे लाल-पिवळ्या पानांचा सडा, अशी आपली कल्पना होते. थंड देशांत त्या दिवसांत पानांतील हरितद्रव्य नाहीसे होऊ लागते आणि आत दडलेला पिवळा रंग प्रकट होतो. कित्येक झाडांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडील पुष्कळ झाडांची पानगळ मात्र पुढे शिशिरात होते. आपला शरद पानांत शोधू नये, तो आकाशात शोधावा. पावसाने हवेतील धूळ खाली बसलेली असते, त्यामुळे निळाई गडद आणि दूरच्या वस्तू स्वच्छ दिसतात. बंगळूरास मात्र आश्विन-कार्तिकातही पाऊस पडतो. म्हणून उघडीप पाहूनच बाहेर पडावे. सकाळच्या ओल्या गवतावर जुनी रंगीत बाहुली ठेवू नये. खाली रुमाल किंवा सुके पान ठेवावे. आणि चांगल्या चित्राच्या लोभाने फुले तोडू नयेत, ताटव्यांत पाय घालू नये, हे सांगावयास नकोच.

अशा रीतीने सकाळच्या दोन तासांत आम्ही बारा छायाचित्रे घेतली. खडकावर उभी ठकी तर एखाद्या डोंगरावर चढून आल्यासारखी दिसत होती. आम्ही सर्वजणी आपल्या कामावर खूष होतो.

घरी परतल्यावर त्या मुलीने छायाचित्रे छापून आजींच्या हाती दिली. त्या वेळी मीही तेथे होते. आजींनी चष्मा लावून एकेक चित्र पाहिले; काचघर पाहिले, खडक पाहिला, सर्वांचे कौतुकही केले. मग हळूच विचारले, "पण हिचा डावा गाल कुठं गं?"

आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. उडालेला रंग दिसू नये म्हणून मुलींनी प्रत्येक चित्रात ठकीला उजवीकडून घेतले होते. आणि मीही ते योग्यच मानले होते. आजी म्हणाल्या, "लहानपणी ताप आला की मी हिचा तो गाल माझ्या गालाला लावून निजायची. तिथला रंग माझ्यामुळंच गेला. तो गाल दिसला, तर ही माझी ठकी. नाहीतर अशा बाजारात शंभर मिळतील."

त्या मुलीने दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात, तुळशीजवळच्या कोवळ्या उन्हात ठकीचा डावा गाल समोर घेऊन तेरावे छायाचित्र घेतले. त्यात काचघर नाही, खडक नाही. तरी आजींच्या उशाशी आज तेच लावलेले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, उंची, अंतर, प्रकाश आणि ऋतू यांचे नियम अवश्य शिका. त्यांवाचून चित्र साधत नाही. परंतु कॅमेरा हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारा: हे चित्र मी कोणासाठी घेत आहे, आणि त्या माणसाला यात काय पाहावयाचे आहे? आम्हां सर्वांना तो प्रश्न बारा छायाचित्रे घेऊन झाल्यावर सुचला. तुम्हांस तो पहिल्या छायाचित्रापूर्वीच सुचावा.