रस्ता कोणाचा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. इयत्ता आठवीचा नागरिकशास्त्राचा तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील नसतील, तोच आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी ओल्याचिंब कपड्यांनिशी, गुडघ्याला रुमाल बांधून दारात उभी राहिली. शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावरील पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिचा पाय गेला होता. दुखापत किरकोळ होती; परंतु जागेवर बसता बसता तिने विचारलेला प्रश्न किरकोळ नव्हता. "सर, हा खड्डा बुजविण्याचे काम कोणाचे?" वर्गातून चार उत्तरे आली. कोणी म्हणाला सरकारचे, कोणी नगरसेवकाचे, कोणी कंत्राटदाराचे, आणि मागच्या बाकावरून उत्तर आले, "कोणाचेच नाही!" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण इतकी वर्षे हा विषय शिकविल्यावर आपल्या विद्यार्थ्यांस हे शेवटचे उत्तरच सर्वात खरे वाटावे, याची खंत मनात राहिली. त्या खंतीतून हा पाठ लिहिला आहे.

प्रथम रस्ता फुटतो कशाने, हे पाहू. रस्त्याचा खरा शत्रू चाक नव्हे, पाणी होय. चांगला रस्ता हा थरांचा बनलेला असतो : खाली दाबून घट्ट केलेली जमीन, तीवर मोठी खडी, मग बारीक खडी, आणि सर्वांवर डांबराचे किंवा सिमेंटचे आच्छादन. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हे तत्त्व लोकांच्या ध्यानी आणून दिले, की रस्त्याखालची जमीन कोरडी राहिली तरच ती भार सोसते. म्हणून रस्ता मध्यभागी किंचित उंच व कडांना उतरता करतात आणि दोन्ही बाजूंस गटारे ठेवतात. गटार तुंबले की पाणी रस्त्यावर साचते, बारीक भेगांतून आत झिरपते, खालचा थर भुसभुशीत होतो. मग गाडीचे चाक त्या जागेवरून गेले की गाळ वर उसळतो, आत पोकळी होते व एके दिवशी वरचे आच्छादन खचते. त्यासच आपण खड्डा म्हणतो. आपल्या उपनगरांत वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा मुलखात ज्याने गटार साफ ठेवले त्याने अर्धा रस्ता राखला, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याने गटारात कचरा टाकला, त्याने काय केले, हे निराळे सांगावयास नको.

आता इतिहासाकडे वळू. आज ज्यास आपण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड म्हणतो, ती सारी साष्टी बेटावरील लहान गावे होती व ठाणे जिल्ह्यात मोडत. या बेटातून मुख्य रस्ते दोन. पश्चिमेस वांद्र्याहून अंधेरी, बोरिवलीवरून जाणारा घोडबंदर रस्ता, ज्याचा बराचसा भाग आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणून ओळखला जातो. आणि पूर्वेस शीव, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या वाटेने ठाण्याकडे जाणारा आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. मुंबई व साष्टी यांच्यामधील खाडीवर माहीम येथे १८४५ साली जो बंधारा-रस्ता खुला झाला, त्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. एका बाईच्या दातृत्वाने खाडी बांधली गेली, ही थोर गोष्ट खरी. परंतु दर वर्षी खडी कोणी घालावी, हा प्रश्न दातृत्वाने सुटत नाही. दान एकदा होते. दुरुस्ती दर साल लागते. दुरुस्तीसाठी कर लागतो, कर घेण्यासाठी कायदा लागतो, आणि कराचा विनियोग पाहण्यासाठी सभा लागते. स्थानिक स्वराज्याचा उगम येथेच आहे.

१८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड म्हणून घेण्याचे ठरले. विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्यातील एक-तृतीयांश रक्कम शाळांकडे जाई व उरलेली रस्ते, विहिरी वगैरे लोकोपयोगी कामांकडे. म्हणजे शाळा व शाळेकडे जाणारी वाट ही दोन्ही एकाच आण्यातून निघत! पुढे १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्यासंबंधी ठराव केला. कारभार सुधारावा हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. लोकांस कारभाराचे शिक्षण मिळावे हा होता. गावचे रस्ते व गटारे हीच जणू राज्यकारभाराची प्राथमिक शाळा, असा त्याचा आशय होता.

या शाळेत आपली उपनगरे बरीच वर्षे शिकली. वांद्र्याची नगरपालिका १८७६ सालची. १ ऑक्टोबर १९२० रोजी साष्टीचा मोठा भाग ठाण्यापासून तोडून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा जोडनावांच्या नगरपालिका त्या काळात नांदत होत्या. गावातील गल्ल्या नगरपालिकेकडे, गावागावांना जोडणारे रस्ते लोकलबोर्डाकडे व मोठे हमरस्ते सरकारच्या बांधकाम खात्याकडे, अशी सर्वसाधारण वाटणी असे. अशा लहान कारभारातील सुख हे, की सभासद शेजारी राहणारा असे. ज्या चिखलातून करदाता जाई, त्याच चिखलातून त्यासही जावे लागे. दुःख हे, की तिजोरी लहान, आणि आगगाडीमुळे वस्ती मात्र झपाट्याने वाढणारी. १९२८ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्यावर तर शहराचे दार उपनगरांस अधिकच जवळ आले. पाणी, सांडपाणी, मोठे रस्ते ही कामे लहान नगरपालिकांच्या आवाक्याबाहेर गेली. अखेर एप्रिल १९५० मध्ये अंधेरी, कुर्ला, घाटकोपर आदी उपनगरे व फेब्रुवारी १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंडसह उरलेला भाग बृहन्मुंबईत सामील झाला. जिल्हा म्हणून उपनगरांस पुन्हा वेगळे अस्तित्व १९९० साली मिळाले. नगरपालिका मात्र पुन्हा वेगळी झाली नाही.

हा बदल हिताचा झाला की अहिताचा? आमच्या मते दोन्ही. मोठ्या तिजोरीने मोठे पूल व मोठे नळ आले. परंतु सभासद व चिखल यांचे नाते दूरचे झाले. आज महानगरपालिकेत २२७ सभासद निवडून द्यावयाचे असतात व तिच्याकडील रस्त्यांची लांबी सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. कारभार सुलभ व्हावा म्हणून शहराचे विभाग पाडले आहेत : अंधेरीसाठी के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीसाठी आर मध्य, घाटकोपरसाठी एन आणि मुलुंडसाठी टी. आपले घर कोणत्या अक्षराच्या विभागात येते, हे आपल्या वाचकांपैकी कितीजणांस ठाऊक आहे?

कायद्याचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील ६१ व्या कलमात पालिकेची अनिवार्य कर्तव्ये सांगितली आहेत व सार्वजनिक रस्ते बांधणे, दुरुस्त ठेवणे हे त्यांपैकी एक आहे. ६३ व्या कलमात ऐच्छिक कर्तव्ये आहेत. रस्त्याची दुरुस्ती ही मेहरबानी नसून कर्तव्य आहे, हा या दोन कलमांतील भेद प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्यास घटनेचा आधार मिळाला. तिच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत रस्ते व पूल आहेत, आणि तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असेही तीत सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर चांगला रस्ता मिळणे हा नागरिकाच्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांस सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तरीही, ज्यांची मुले गेली त्यांस रुपये काय करावयाचे? याच उपनगरांत एका पित्याने खड्ड्यामुळे आपला मुलगा गमावल्यावर स्वतः घमेले व फावडे घेऊन रस्त्यांवरील खड्डे बुजविण्याचे व्रत घेतले. त्याचे हे व्रत वंदनीय आहे. ते घेण्याची वेळ त्याच्यावर आली, ही आपणा सर्वांची लाज आहे.

मग कायदा स्पष्ट असता रस्ता बिघडतो का? आमच्या मते कारणे तीन. पहिले, जबाबदारीची वाटणी. पश्चिम द्रुतगती महामार्गाचेच पाहा. तो प्रथम राज्याच्या बांधकाम खात्याकडे होता, पुढे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला व २०२२ साली पालिकेकडे आला. सामान्य माणसाने तक्रार कोठे न्यावी? दुसरे कारण, रस्ता झाल्यावर खणला जाणारा चर. आज डांबर, उद्या पाण्याचा नळ, परवा तार. प्रत्येक खात्याचे काम योग्य, पण क्रम उलटा. तिसरे कारण पैसा व त्याविषयीचा निर्णय. जकात १ जुलै २०१७ पासून गेली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करातून सूट मिळाली. गरिबाच्या घरास सूट असावी हे न्याय्यच वाटते. परंतु सूट मागताना रस्त्याची खडी कोठून येणार, हाही प्रश्न त्याच सभेत विचारला गेला पाहिजे. २०२३ पासून शेकडो किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचे मोठे काम पालिकेने हाती घेतले. असे रस्ते अधिक टिकतात. पण ते पुन्हा खणणे अधिक खर्चाचे असते. नवे करावे की जुने राखावे, एक रस्ता उत्तम करावा की दहा बरे करावेत, यासच धोरण म्हणतात, आणि हे धोरण सभेने ठरवावयाचे असते. म्हणूनच ७ मार्च २०२२ रोजी मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या महानगरपालिकेत निवडून आलेले सभासदच नव्हते व सारा कारभार प्रशासकाकडे होता, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या शिक्षकास विशेष लागते. काम त्या काळातही चालू होते, पण "हे आधी का, ते मागून का?" असे सर्वांदेखत विचारणारा नव्हता.

आता पुन्हा आमच्या वर्गाकडे येऊ. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावरून मुलांनी अर्ज लिहावयाचे ठरविले. पहिला अर्ज चार पानी होता. त्यात संताप पुष्कळ व माहिती थोडी होती. ज्या कार्यालयाकडे तो गेला, त्याने हा रस्ता आपल्याकडे नाही असे कळविले. मुले हिरमुसली. मग आम्ही फूटपट्टी व दोरी घेऊन रस्त्यावर गेलो. खड्डे अकरा निघाले. प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली मोजली, कोणत्या गटाराचे तोंड कशाने बुजले आहे हे टिपले, नकाशा काढला. दुसरा अर्ज एका पानाचा झाला. तो योग्य ठिकाणी पोहोचला व बारा दिवसांनी खड्डे बुजविले गेले. पुढे महिन्याभरात तेथेच कोणीतरी चर खणला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलांनी तिसरा अर्ज लिहिला, तो आम्हास न विचारता! त्या दिवशी आम्हास वाटले, की आमचा पाठ पुरा झाला.

एक कबुली द्यावयाची राहिली. मोजणीच्या वेळी ध्यानात आले, की त्या अकरा खड्ड्यांपैकी सर्वात मोठा खड्डा आम्ही स्वतः दोन महिने रोज ओलांडीत होतो. वर्गात "नागरिकांची कर्तव्ये" फळ्यावर लिहून देणाऱ्या आम्हास एक पत्र लिहावयास सवड झाली नव्हती. तुंबलेल्या गटारात सापडलेल्या कागदी पुड्यांवर आमच्याच शाळेसमोरील दुकानाचा शिक्का होता. "कोणाचेच नाही" हे उत्तर मागच्या बाकावरून आले खरे. पण आपल्या आचरणाने ते आम्ही मोठ्यांनीच शिकविले होते.

पालकांस विनंती ही, की आपल्या गल्लीची सभा भरली तर मुलास सोबत न्यावे. घाटकोपर येथील जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९० नंतरच्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा व स्वच्छता यांचा भार पालिकेच्या सहकार्याने स्वतः उचलला, व त्या धर्तीवर पुढे शहरात ठिकठिकाणी परिसर व्यवस्थापनाची मंडळे निघाली. अशी मंडळे पालिकेचे काम करण्यासाठी नसतात. पालिकेचे काम पाहण्यासाठी असतात. रस्ता रुंद व्हावा असे सर्वांस वाटते, पण आपली भिंत मागे सरू नये असेही वाटते. हा तंटा मिटविण्यास भांडण किंवा शिफारस हे मार्ग नव्हेत. एकत्र बसून, नकाशा पुढे ठेवून, दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणे हाच मार्ग होय.

रस्ता कोणाचा? जो त्यावरून चालतो त्याचा. आणि ज्याचा तो आहे, त्यानेच तो राखावयाचा आहे, काही हातांनी, काही करांनी, काही मतांनी व काही एका पानाच्या अर्जांनी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपले घर पालिकेच्या कोणत्या विभागात येते? विभाग कार्यालय कोठे आहे?
२. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा व त्यावर गटारांची तोंडे दाखवा. त्यांपैकी किती उघडी आहेत?
३. अनिवार्य व ऐच्छिक कर्तव्ये यांतील भेद दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. आपल्या गल्लीस शंभर रुपये मिळाले असे समजा. गटार, दिवे, पदपथ व रस्ता यांत ते कसे वाटाल? घरातील मोठ्या माणसांशी चर्चा करून, ज्यांचे मत आपल्या मताशी जुळत नाही त्यांचे म्हणणेही लिहून आणा.