गरोदर भगिनीच्या मनाचीही तपासणी व्हावी



गरोदरपणाच्या तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी आणि बाळाचे ठोके पाहतात. सातपुड्यातील पाड्यांवर परिचारिका म्हणून फिरताना मीही हेच तपासते. पण “मन कसे आहे?” असे त्या बाईला क्वचितच कोणी विचारते. गरोदरपणातील नैराश्य कसे ओळखावे आणि ओळखल्यावर आपण काय करावे, हे या पाठात पाहू.

नैराश्य म्हणजे काय?

बाळंतपणाची भीती वाटणे, एखाद्या दिवशी रडू येणे, हे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक उडते, सगळा दोष आपलाच आहे असे वाटते, तेव्हा तो आजार समजावा. तो विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गर्भवतींना आणि १९.८ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य मुख्य, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तपासणीला आलेल्या साधारण सहा-सात जणींत एक.

बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दल आपण थोडेफार ऐकलेले असते. पण तिची सुरुवात पुष्कळदा आधीच झालेली असते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते, आणि त्यांतील ७८ टक्के मातांना गरोदर असतानाच मानसिक त्रास सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही कारणे ठळकपणे पुढे आली.

दहा प्रश्नांची चाचणी

१९८७ साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. तिला एडिनबरो मापनश्रेणी म्हणतात. ती बाळंतिणींसाठी केली होती, पण आता गर्भवतींसाठीही वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगाच स्वतःला दोष दिला का, विनाकारण भीती वाटली का, असे प्रश्न तीत आहेत. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १० किंवा अधिक गुण आले तर लक्ष ठेवावे. १३ किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडून नीट तपासणी व्हावी.

थकवा, अंगदुखी यांविषयी तीत प्रश्न नाहीत, कारण त्या गोष्टी गरोदरपणात तशाही असतात. त्यामुळे मनाचा त्रास वेगळा दिसून येतो. मात्र गुण म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतील. आपल्या भागात रक्तक्षय आणि सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून रक्ताची तपासणीही सोडू नये. एकाच बाईला दोन्ही त्रास असू शकतात.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, या प्रश्नाला “कधीकधी” असे उत्तर आले तरी त्या बाईला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. असे विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात येईल, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून बहुतेकींना हायसे वाटते.

पाड्यावर विचारताना

ही यादी बाईने स्वतः वाचून भरायची असते. आमच्याकडे पुष्कळ जणींना वाचता येत नाही, आणि मराठी ही त्यांची घरची भाषाही नाही. त्या पावरी किंवा भिली बोलतात. “सगळे अंगावर येते” हे मराठीत चटकन कळते. पण शब्दाला शब्द ठेवून ते पावरीत नेले, तर ऐकणारीला अंगावर काय आले तेच समजत नाही. म्हणून मी आधी पाड्यावरच्या जाणत्या बायांना विचारते : एखादीचे मन बसले, तर तुम्ही काय म्हणता? त्यांनी सांगितलेल्या शब्दांतच मग विचारते.

दुसरी गोष्ट एकांताची. सासू शेजारी बसलेली असताना “बरे आहे” याशिवाय दुसरे उत्तर मिळत नाही. वजन करायला बाजूला नेले की तेवढ्यात दोन शब्द बोलता येतात.

सातव्या महिन्यातील एका भगिनीचे वजन दोन महिने वाढत नव्हते. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या डब्यात तशाच पडून होत्या. घरचे म्हणत, आळशी झाली आहे. नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेला. बाजूला बसवून विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, पहिले लेकरू महिन्याचे होऊन गेले. माझ्याच हातून गेले असेल. हेही जाईल. विहिरीवर गेले की तिथेच बसावेसे वाटते.”

त्या दिवशी तिची नणंद तिच्याजवळ राहिली, आणि आम्ही तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. नवऱ्याला फोन करून बोलावले. पाणी आणायला तिला एकटीला पाठवायचे नाही, हे घरात ठरले. आशाताई दर आठवड्याला तिच्याकडे बसायला जाऊ लागल्या. तिला मुलगी झाली. ती तिला अंगावर पाजते. वाईट दिवस अजूनही येतात, पण आता ती ते बोलून दाखवते.

विचारल्यानंतर काय?

या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे. प्रश्न विचारून कागद भरला आणि नंतर कोणी फिरकलेच नाही, तर त्या बाईचे दुःख उघडे पडते एवढेच. सोबत करणारे माणूस आधी ठरवावे, मग यादी काढावी.

हे माणूस डॉक्टरच असले पाहिजे असे नाही. गोव्यात गावातल्याच आयांना प्रशिक्षण देऊन “सखी” म्हणून नैराश्य असलेल्या गर्भवतींकडे पाठवण्याचा प्रयोग झालेला आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी गावांत २००५ ते २००८ या काळात महिला गटांचा मोठा अभ्यास झाला. गट दर महिन्याला बसत, चित्रे आणि गोष्टींतून बाळंतपणाच्या अडचणींवर बोलत, आणि उपाय स्वतःच ठरवत. नवजात बाळांचे मृत्यू तेथे सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. मातांच्या नैराश्यात एकूण तीन वर्षांत स्पष्ट फरक दिसला नाही, पण तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. सोबतीचा गुण यायला वेळ लागतो, असे मला यावरून वाटते.

औषधाविषयी एक सूचना. गरोदरपणात देता येतील अशी नैराश्याची औषधे आहेत. ती देणे किंवा थांबवणे डॉक्टरांनीच ठरवावे. बाळंतपणानंतर बाई भ्रमिष्टासारखी बोलू लागली, नसलेले आवाज तिला ऐकू येऊ लागले, तर उदासी समजून थांबू नये. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. सरकारची “टेली मानस” ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तेथे मराठीतही बोलता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी डॉक्टरांना मनाविषयीही सांगावे.

मंडळीने काय करावे?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्ना आपल्याला माहीत आहे. तिचे ओठ हलताना पाहून एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. त्याने न विचारताच ठरवून टाकले. पण तिने आपले दुःख सांगितले, त्याने ते ऐकले, आणि ती जेवली. तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहिला नाही. “विश्वास कमी पडतो”, “प्रार्थना वाढव” असे आपण उदास भगिनीला पटकन सांगतो, तेव्हा आपण एलीच्या पहिल्या वाक्यापाशीच थांबतो. प्रार्थना जरूर करावी. पण तिच्यासोबत दवाखान्यातही जावे.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत आज कोण गरोदर आहे? तिच्याशी एकांतात कोण बोलू शकेल?

२. मन बसले, हे आपल्या घरच्या भाषेत कसे सांगतात?

३. तिला दवाखान्यात जावे लागले, तर घरची मुले आणि पाणी कोण पाहील?

४. तिने सांगितलेले आपल्यापाशीच राहील, याची खात्री आपण तिला कशी देऊ?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावासह लिहून ठेवावे. पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी ते नाव ठरलेले असावे.