लॅपटॉपचा पडदा काळाच राहिला तर?

शाळा, पंचायत कार्यालये व सहकारी संस्था यांचा बराचसा कारभार आता लॅपटॉपवर चालतो. त्यामुळे यंत्र सुरू होऊनही पडदा काळाच राहिला, तर वर्षभराची हजेरी, गुणपत्रके वा घरपट्टीच्या नोंदी बुडाल्या, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. ही भीती बहुधा अनाठायी असते. पडदा हे केवळ पाहण्याचे साधन होय. नोंदी असतात त्या डिस्कवर. खरा धोका आहे तो उतावळेपणाने डिस्क पुसून टाकण्यात.

प्रथम निरीक्षण

यंत्राचा दिवा लागतो काय, पंखा फिरतो काय, हे पाहावे. कळफलकावरील 'कॅप्स लॉक' दाबताच तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे; चित्र तेवढे पोहोचत नाही. दिवाच लागत नसल्यास दोष चार्जरमध्ये वा वीजजोडणीत शोधावा. ठरावीक 'बीप' ऐकू आल्यास त्यांची संख्या टिपून ठेवावी. अशी खूण पुष्कळदा रॅमचा दोष सुचविते.

घरच्या घरी करावयाचे उपाय

१. प्रोजेक्टरची जोडणी राहून गेली असल्यास काढावी व प्रकाश वाढविण्याची कळ दाबून पाहावी.

२. विंडोज प्रणाली असल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व 'बी' या चार कळा एकदम दाबाव्यात. त्यामुळे चित्रयंत्रणा नव्याने सुरू होते.

३. तरीही गुण न आल्यास यंत्र बंद करून चार्जर व सर्व जोडण्या काढाव्यात. बॅटरी सुटी होणारी असल्यास तीही काढावी. नंतर सुरू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. आत साठलेला विद्युत्‌भार अशा रीतीने निघून जातो. मग केवळ चार्जर जोडून यंत्र सुरू करावे.

दोष कोठे, हे कसे ओळखावे?

पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकला असता पुसट चित्र दिसले, तर पडद्यामागील प्रकाशयोजना बिघडली आहे. दुसरा मॉनिटर जोडल्यावर त्यावर चित्र उमटल्यास दोष पडद्यात वा बिजागरीतून जाणाऱ्या तारेत असण्याचा संभव अधिक. सततच्या उघडझापीने ही तार झिजते.

कंपनीचे चिन्ह दिसून मग अंधार होत असेल, तर दोष बहुधा प्रणालीत असतो. सुरू होत असताना कळ दाबून धरून यंत्र लागोपाठ तीनदा बंद केल्यास विंडोज दुरुस्तीचा फलक दाखविते. तेथून 'सेफ मोड'मध्ये जाऊन नुकताच बसविलेला ड्रायव्हर काढता येतो. काही यंत्रे या वेळी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागतात. तो क्रमांक हरवल्यास नोंदी हाती लागणे दुरापास्त होते. म्हणून तो आधीच कार्यालयात लिहून ठेवावा.

दुरुस्तीस देण्यापूर्वी

इतके करूनही पडदा उजळला नाही, तर यंत्र जाणकाराकडे न्यावे. परंतु 'डिस्क पुसू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. दुसऱ्या मॉनिटरवर चित्र येत असल्यास नोंदींची प्रत आधी काढून घ्यावी. याहून उत्तम मार्ग म्हणजे दर आठवड्यास महत्त्वाच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात कुलूपबंद ठेवणे. पडदा बदलून मिळतो; पुसलेली नोंद सहसा परत मिळत नाही.