डिझेल इंजिनाची पुनर्बांधणी



बेळगावच्या उद्यमबागेतून जाताना एखाद्या कारखान्याच्या दारात ट्रकचे इंजिन सुटे करून ठेवलेले तुम्ही अनेकदा पाहिले असेल. ह्या गावाचे यंत्रांशी नाते जुने आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान थाटले ते ह्याच गावी. अशा गावातील मुलांना झिजलेले इंजिन पुन्हा कसे उभे करतात, आणि त्यात अधिक चांगले भाग घालताना कोणते पथ्य पाळावे लागते, हे ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

प्रथम इंजिनाचे तत्त्व पाहू. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन, म्हणजे दट्ट्या, जोराने दाबतो. दाबामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसहूनही अधिक तापते आणि त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले आहेच; तोच नियम येथे कामी येतो.

आता थोडे गणित करू. टाटांच्या ६९७ ह्या इंजिनाच्या नावातच त्याची मापे आहेत: सिलिंडर ६ आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा; एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ९४६ घनसेंटिमीटर आणि सहांचे मिळून ५६७५ येईल. दाबाचे गुणोत्तर १७ धरले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर हवेसाठी उरणारी जागा ९४६ भागिले १६, म्हणजे अवघी ५९ घनसेंटिमीटर असते. लहान कपातील अर्ध्या चहाएवढ्या त्या जागेतील स्फोटांवर कित्येक टनांचा ट्रक घाट चढतो!

झिजलेले इंजिन आपली व्यथा धुराने सांगते. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल अधिक होत आहे. पांढरा धूर निघत राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी ह्यांचा संशय घ्यावा. मात्र इंजिन उघडल्यावर निर्णय द्यावयाचा तो डोळ्यांनी नव्हे, मापकाने. सिलिंडर वरच्या टोकाला, जेथे पहिली रिंग परत फिरते तेथे, सर्वांत अधिक झिजतो आणि झिजताना गोल न राहता किंचित लंबगोल होतो. म्हणून वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे लागते. क्रँकच्या पृष्ठभागांचेही तसेच. बेअरिंग आणि क्रँक ह्यांच्यामध्ये तेलाच्या पापुद्र्यासाठी ठेवावयाची फट साधारणपणे माणसाच्या केसाच्या जाडीइतकीच असते.

सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा करून मोठा पिस्टन बसविला, तर इंजिनाची शक्ती पुष्कळ वाढत असेल असे वाटते. पुन्हा गणित करा: ९७ च्या जागी ९७.५ घेतल्यास एकूण घनफळ ५७३४ होते. वाढ फक्त एक टक्का! बोअर करण्याचा हेतू शक्ती वाढविणे हा नसून सिलिंडरला पुन्हा गोलाई देणे हा असतो.

मग अधिक शक्ती कोठून येते? अधिक हवेतून. हवा अधिक असेल, तरच अधिक डिझेल पूर्णपणे जळू शकते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनी १९०५ साली टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने एक लहान चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र सिलिंडरमध्ये हवा कोंबते. पण अधिक इंधनाबरोबर अधिक उष्णता आणि अधिक दाबही येतो, हे विसरता कामा नये. ते विसरल्याचे मोल आमच्या घराने दिले आहे.

१९९४ साली मी नववीत होतो. वडिलांचा एकच ट्रक होता, तोही कर्जाचा. तो गोव्याला भाजी नेई आणि परत येताना खताची पोती आणी. इंजिन जुने झाले तेव्हा वडिलांनी ते बांधावयास काढले. घाटात मागे पडू नये, म्हणून त्यांनी टर्बोचार्जर बसविण्याचा आग्रह धरला आणि पंपातून डिझेलही वाढवून घेतले. पैसे वाचावेत म्हणून पिस्टन मात्र जुनेच राहिले. महिनाभर ट्रक वाऱ्यासारखा धावला. एके रात्री भरल्या गाडीने अनमोड घाट चढताना इंजिन एकाएकी जखडले. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याची ताकद त्याच्या पुष्कळ आधीच ढासळते. उघडून पाहिले तो एका पिस्टनचा माथा खचलेला आणि सिलिंडर खरवडून निघालेला. चार महिने ट्रक दारात उभा होता. त्या चार महिन्यांत आईच्या पाटल्या गेल्या आणि माझी शाळाही सुटता सुटता राहिली.

दुसऱ्या वेळी एका वृद्ध मिस्त्रींनी काम हाती घेतले. ते वडिलांना म्हणाले, "मालक, एकट्या बैलाला तगडा करून गाडी चालत नाही. जू, जोखड, चाक, सगळेच तेवढ्या ताकदीचे पाहिजे." त्यांनी पहिल्या रिंगेच्या खाचेत लोखंडी कडे असलेले नवे पिस्टन आणले आणि पिस्टनच्या पोटावर तेलाची पिचकारी उडेल अशी सोय केली. मोठा रेडिएटर बसविला आणि डिझेल बेताचे ठेवले. हेडवर रॉकेल लावून पुसले, मग खडूची भुकटी फासली. जेथे तडा असतो तेथे ओली रेघ उमटते. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये घालून तिच्या टोकांमधील फट त्यांनी पात्यांच्या मापकाने तपासली. ही फट कमी पडली, तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. क्रोमचा मुलामा दिलेली रिंग उत्तम आणि क्रोमचा सिलिंडरही उत्तम. पण दोन्ही एकत्र कधीही घालू नयेत, कारण ती एकमेकांना ओरबाडतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. हेडचे बोल्ट त्यांनी मधून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळले. मी मापे वहीत लिहून घेत होतो. ते इंजिन पुढे नऊ वर्षे चालले आणि त्याच्या कमाईवर माझे शिक्षण पुरे झाले.

आजचे ट्रक वेगळे आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांप्रमाणे बनलेल्या इंजिनांत डिझेलचा प्रत्येक फवारा संगणक ठरवितो. वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करण्यास कायद्याचीही मनाई आहे. म्हणून तुमच्यापैकी जे ह्या व्यवसायात जातील, त्यांनी निर्मात्याने ठरवून दिलेलेच भाग आणि मापे प्रमाण मानावीत.

मित्रहो, इंजिनात कोणताही भाग एकटा चांगला किंवा वाईट नसतो; शेजारच्या भागाला तो साजतो की नाही, ह्यावर त्याचे चांगलेपण ठरते. मिस्त्रींच्या त्या मापांची वही मी अजून जपून ठेवली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मायक्रोमीटर हाती येईल, तेव्हा त्याचा शेवटचा आकडा अंदाजाने लिहू नका. त्या एका आकड्यावर कधी कधी एखाद्या घराची चूल अवलंबून असते.