मेटल डिटेक्टर: किती खोल ऐकू येतं आणि किती खोल ओळखू येतं?

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, होक्सन गावाजवळ, एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरले. सापडला तो रोमन काळातला खजिना: सुमारे १५,००० सोन्याचांदीची नाणी, दागिने, चांदीचे चमचे. हातोडीही सापडली आणि आज तीसुद्धा ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे!

अशा कथा वाचून अनेकांना हे यंत्र घ्यावंसं वाटतं. मग पहिला प्रश्न येतो, "कुठलं जास्त खोल जातं?" आणि दुसरा, "काय सापडलंय हे कुठलं बरोबर सांगतं?" हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची उत्तरं एकमेकांत मिसळली की तुलना फसते. कशी, ते पाहू.

यंत्र नेमकं काय ऐकतं?

डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेची वेटोळी म्हणजे कॉइल असते. तिच्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह उठतात. या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत वर येतं आणि दुसरी कॉइल ते टिपते. म्हणजे यंत्र धातूला "पाहत" नाही. ते हाक मारतं आणि प्रतिध्वनी ऐकतं.

खोलीचं निर्दय गणित

हाक खाली जाताना विरते आणि प्रतिध्वनी वर येताना पुन्हा विरतो. कॉइलच्या मानाने अंतर बरंच मोठं असेल, तर छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल उरतो ६४ वा भाग. उलट बाजूने पाहा: यंत्राने सोडलेलं क्षेत्र दुप्पट केलं, तरी खोली वाढते जेमतेम १२ टक्के. जाहिरातीत "दुप्पट ताकद" असं वाचलं की हा आकडा आठवावा.

कॉइलचा आकारही महत्त्वाचा. २८ सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलसाठी हिशोब केला, तर १० सेंटिमीटरवरच्या नाण्याचा सिग्नल २० सेंटिमीटरवर साधारण आठपट कमी होतो आणि ३० सेंटिमीटरवर सुमारे ५० पट. तारेचे वेढे आणि प्रवाह तेच ठेवून कॉइल निम्म्या व्यासाची केली, तर ५ सेंटिमीटरवर छोटी कॉइल सरस ठरते, पण ३० सेंटिमीटरवर मोठीचा सिग्नल जवळजवळ दसपट असतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना वेगवेगळ्या आकाराच्या कॉइल लावून केली, तर ती बरीचशी कॉइलचीच तुलना होते.

ओळख कशाची पटते?

देवळातली घंटा वाजवली की बराच वेळ घुमते. पत्र्याचा डबा "टक्" करून गप्प होतो. धातूतल्या प्रवाहांचंही असंच आहे. चांदीच्या जाड नाण्यात ते रेंगाळतात, चॉकलेटच्या चांदीत (म्हणजे ॲल्युमिनियमच्या कागदात) चटकन विझतात. त्यामुळे परत येणारा सिग्नल मूळ तालाच्या तुलनेत वेगवेगळ्या प्रमाणात सरकलेला असतो. या सरकण्याला फेज म्हणतात. यंत्र फेज मोजतं, आणि पडद्यावर दिसणारा आकडा त्यावरूनच काढलेला असतो.

पण घुमण्याचा काळ फक्त धातूवर ठरत नाही. आकार आणि जाडी यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे अनेकदा जवळजवळ सारखे येतात. कितीही महाग यंत्र घेतलं, तरी फेज तीच असेल तर फरक दिसणार कसा? उलट, ब्रिटनमधली दोन पेन्सची नाणी पाहा. सप्टेंबर १९९२ पूर्वीची कांस्याची, नंतरची बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची. हातात घेतली तर जुळी भावंडं, यंत्राला मात्र ती वेगळी वाटतात.

इथे दोन्ही प्रश्न भेटतात

आता मुख्य मुद्दा. नाणं आहे की नाही एवढंच कळायला सिग्नल यंत्राच्या खरखरीपेक्षा थोडा वर असला तरी पुरतो. पण फेज अचूक मोजायची तर तो खूप वर हवा. समजा, वरच्याच उदाहरणात १० सेंटिमीटरवर सिग्नल खरखरीच्या ५० पट आहे. मग फेजमधली चूक साधारण १ अंश. २० सेंटिमीटरवर सिग्नल सहापट उरतो, चूक ९ अंशांच्या आसपास जाते. ३० सेंटिमीटरवर सिग्नल आणि खरखर बरोबरीला येतात. लोखंडेतर धातूंची सगळी ओळख ९० अंशांच्या पट्ट्यात बसवायची असते, त्यामुळे इथे पडद्यावरचा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. यंत्र तेच, नाणं तेच. कान अजून शाबूत आहे, नजर गेली आहे.

त्यात माती भर घालते. महाराष्ट्राच्या काळ्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि कोकणच्या जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर. अशी जमीन स्वतःच प्रतिध्वनी देते. "ग्राउंड बॅलन्स" करून यंत्र तो वजा करतं, पण थोडा उरतोच. वर आलेल्या नाण्याला तो हलवू शकत नाही. खोल नाण्याच्या क्षीण सिग्नलमध्ये मिसळून त्याला "लोखंड" ठरवू शकतो. तुम्ही लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवली असेल, तर ते नाणं गप्पच राहील. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं मातीचा वाटा जास्त चांगला वेगळा काढतात. पल्स इंडक्शन प्रकारची यंत्रं हाक थांबवून मगच ऐकतात, म्हणून खनिजयुक्त मातीत ती खोल जातात, पण लोखंड वेगळं सांगण्यात सहसा मागे पडतात.

मग तुलना करायची कशी?

१. नाणं हवेत धरून केलेल्या चाचणीवर थांबू नका. तिथे माती नसते.
२. तीच वस्तू, तीच जागा, शक्य तितकी सारखी कॉइल. वस्तू आडवी की उभी, हेही नोंदवा.
३. दोन खोल्या वेगळ्या लिहा: जिथपर्यंत आवाज येतो ती, आणि जिथपर्यंत दोन्ही दिशांनी फिरवून तोच आकडा येतो ती.
४. शेजारी एक खिळा ठेवून पुन्हा पाहा.
५. नाणं कुठे पुरलंय हे यंत्र फिरवणाऱ्याला सांगू नका, आणि काही खड्डे रिकामे ठेवा. माहीत असलं की कानाला सगळंच ऐकू येतं!

या भेदाची खरी किंमत भूसुरुंग काढणाऱ्यांना कळते. प्लास्टिकच्या काही सुरुंगांत धातू अगदी नावापुरता असतो. तिथे पडद्यावरच्या आकड्यावर कुणी जीव टांगत नाही. प्रत्येक आवाज सुरुंगाचाच धरून जमीन उकरली जाते. या यंत्रांच्या चाचण्यांसाठी २००३ साली युरोपात सीडब्ल्यूए १४७४७ हा दस्तऐवज आला, त्यातही हवेतल्या आणि मातीतल्या चाचण्या वेगळ्या आहेत.

छंद म्हणून यंत्र घेणार असाल तर एक सूचना. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते आणि १९९६ च्या कायद्याखाली खजिना कळवावा लागतो. भारतात भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ पासून लागू आहे, आणि सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. सुट्टीत गावी यंत्र नेण्याआधी हे वाचून घ्या.

आणि दुकानात विक्रेता म्हणाला, "हे ४० सेंटिमीटर जातं," तर एवढंच विचारा: "ऐकायला की ओळखायला?"